हात आपला, गोष्ट कुणाची? : उत्तम लिहिलेल्या काही व्हिडिओ गेम्सविषयी

आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. व्याख्यानमालेत व्हिडिओ गेम कुठून आले? आम्ही बोलणार आहोत ते नीतिशास्त्राबद्दल आणि रसविचाराबद्दलच. फक्त आजची उदाहरणं नाटक-कादंबऱ्यांतली नाहीत, खेळांतली आहेत. बोलता बोलता चार खेळांची शिफारस करू, एका गाजलेल्या खेळाविषयी तक्रार करू, आणि हे सगळं कशाच्या आधारावर म्हणतो आहोत तेही सांगू. नुसती यादी तुम्हाला कुठेही मिळेल.

व्हिडिओ गेमविषयी साधारणपणे दोन मतं कानावर पडतात. एक वडीलधाऱ्यांचं: हा वेळेचा चुराडा आहे. दुसरं तरुण मंडळींचं: यातल्या काही गोष्टी सिनेमाच्या तोडीच्या असतात. आम्हाला विचाराल तर दुसरं मत जास्त फसवं आहे. 'सिनेमाच्या तोडीची' म्हणताना आपण माप सिनेमाचं लावतो. मग ज्या खेळात सुंदर चित्रं आहेत, नामवंत नटांचे आवाज आहेत, मध्ये मध्ये दहा मिनिटं हात बांधून बघत बसायचे प्रसंग आहेत, तो उत्तम लिहिलेला ठरतो. पण बघतच बसायचं तर खेळायचं कशाला? खेळातलं लेखन चांगलं की वाईट, हे खेळणाऱ्याच्या हाताला लेखकानं काय काम दिलं आहे, यावरून ठरवायला हवं.

अमेरिकेतले प्रसिद्ध चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० मध्ये लिहिलं की व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकणार नाहीत. त्यावर तरुण मंडळी खूप चिडली. पण त्याच्या काही वर्षं आधी त्यांनी जो मुद्दा मांडला होता तो चिडून सोडून देण्यासारखा नव्हता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गंभीर साहित्य आणि सिनेमा लेखकाच्या नियंत्रणावर उभे असतात, आणि खेळ उभा असतो खेळणाऱ्याच्या निवडीवर. ही दोन तत्त्वं एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

गंमत अशी की याहून कडक आक्षेप आपल्याच परंपरेतून घेता येतो. भट्टनायकानं मांडलेली आणि अभिनवगुप्तानं आपल्या पद्धतीनं पुढे नेलेली साधारणीकरणाची कल्पना तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. रंगमंचावरचा शोक प्रेक्षकाला 'माझा' वाटत नाही आणि 'त्या परक्याचा' असंही वाटत नाही. तो कुणा एकाचा राहत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. अभिनवगुप्तानं रसाच्या वाटेतली सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक म्हणजे भाव आपला किंवा परक्याचा असा धरून बसणं, आणि आणखी एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणं. आता खेळणाऱ्या माणसाची भाषा ऐका. 'मी मेलो', 'मी जिंकलो', 'मी त्याला सोडलं.' सगळं 'मी'! म्हणजे खेळाची सुरुवातच विघ्नापासून होते. मग तिथं रस कसा निर्माण व्हायचा? आज आम्ही जे खेळ निवडले आहेत ते या प्रश्नाला उत्तर देतात म्हणून निवडले आहेत.

त्याआधी एक जुना खेळ आठवू. सापशिडी आपण सगळे खेळलो आहोत. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, आणि वरच्या टोकाला मोक्ष. आशय केवढा मोठा! पण सोंगटी कुठल्या घरात पडणार हे कवड्या ठरवतात. क्रोधाच्या घरात तुम्ही गेलात ते रागावलात म्हणून गेला नाहीत; दान तसं पडलं म्हणून गेलात. म्हणजे पटावर नीती लिहिलेली आहे, खेळण्याच्या कृतीत मात्र ती नाही. आजच्या शेकडो खेळांची हीच गत आहे. गोष्टीत त्याग, मैत्री, युद्धाची भीषणता. हाताला मात्र फक्त नेम धरायचं काम. गोष्ट एकीकडे, हात दुसरीकडे.

आता पहिला खेळ. 'पेपर्स, प्लीज', २०१३ सालचा, लुकास पोप या माणसानं एकट्यानं घडवलेला. आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक साम्यवादी देश, साल १९८२. सरकारी सोडतीत तुमचं नाव निघतं आणि ग्रेस्टिन या गावच्या सीमेवर तपासनीस म्हणून तुमची नेमणूक होते. काम काय? रांगेतल्या माणसाचा पासपोर्ट घ्यायचा, परवाना बघायचा, तारीख जुळते का, फोटो जुळतो का, आणि हिरवा शिक्का मारायचा की लाल ते ठरवायचं. बस्स. माणशी ५ क्रेडिट मिळतात. दिवसातल्या पहिल्या दोन चुका समज देऊन माफ, तिसरीपासून दंड. संध्याकाळी हिशेब येतो: भाडं, जेवण, घर गरम ठेवण्याचा खर्च. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. पैसे पुरले नाहीत तर कुणीतरी आजारी पडतं.

सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग सांगतो. एक गृहस्थ येतात, त्यांचे कागद ठीक असतात. आत जाताना ते म्हणतात, मागून माझी बायको येते आहे, तिला जरा सांभाळून घ्या. बाई येतात. त्यांच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. आता मारा शिक्का.

हा प्रसंग कादंबरीतही लिहिता आला असता आणि वाचताना आपण सगळे त्या बाईंच्या बाजूनं उभे राहिलो असतो. वाचकाला उदार व्हायला पैसे पडत नाहीत. इथं पडतात. पण आम्हाला या खेळाचं मोठेपण त्याहून पुढे दिसतं. काही तास खेळल्यावर तुमचा हात सराईत होतो. कागद कुठं ठेवायचे, कुठल्या रकान्याकडे आधी बघायचं, हे अंगवळणी पडतं आणि त्या वेगाची मजा वाटू लागते. नेमक्या त्याच वेळी समोरचा माणूस आपली कर्मकहाणी सांगू लागतो आणि तुमच्या मनात येतं, किती वेळ खातोय हा! समोरच्याचं रडणं हा कामातला अडथळा वाटू लागतो. कुठलाही मोठा दुष्टपणा तुम्ही केलेला नसतो. तुम्ही फक्त चांगले कारकून झालेले असता. सरकारी खिडकीच्या अलीकडे आपण सगळे आयुष्यभर उभे राहिलो आहोत. खिडकीच्या पलीकडे माणूस कसा घडतो हे इतक्या थोड्या शब्दांत आम्ही दुसरीकडे कुठे अनुभवलं नाही. शब्द खरोखर थोडे आहेत. बहुतेक लेखन हिशेबाच्या तक्त्यात आणि नियमांच्या पुस्तिकेत आहे.

दुसरा खेळ 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच', २०१७ सालचा, जायंट स्पॅरो या संस्थेचा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावरचं एक जुनं, वेडंवाकडं वाढलेलं घर. त्या घराण्यातली माणसं एकापाठोपाठ एक अकाली गेलेली. एडिथ परत येते आणि खोली-खोलीतून प्रत्येकाची शेवटची गोष्ट आपल्यापुढे उलगडते. दोन-अडीच तासांत संपणारा खेळ आहे. त्यातला एकच भाग सांगतो. ज्यांना आधी कळू द्यायचं नसेल त्यांनी दोन मिनिटं कान बंद करावेत.

लुइस नावाचा तरुण मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम करतो. तुमच्या उजव्या हाताला काम असं: मासा ओढा, पात्याखाली धरा, डोकं उडवा, पुढे ढकला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. दरम्यान लुइस मनात एक राज्य रचू लागतो आणि त्या राज्यात फिरायचं काम डाव्या हाताला मिळतं. आधी ते राज्य पडद्याच्या कोपऱ्यात असतं. हळूहळू ते वाढतं, त्याला रंग येतात, नगरं येतात, आणि शेवटी कारखाना दिसेनासा होतो. पण उजवा हात मासे कापतोच आहे! तुम्हाला ते जाणवतही नाही. कंटाळलेल्या माणसाचं मन त्याच्या देहापासून कसं सुटत जातं, हे इथं कुणी समजावून सांगत नाही. तुमच्याच दोन हातांत ते घडतं. त्याच्या शेवटाविषयी आम्ही बोलत नाही. ते सोसण्यासाठी मनाची थोडी तयारी लागते. या खेळात लहान मुलांचे मृत्यू आहेत. ज्यांच्या घरात तसं दुःख होऊन गेलं आहे त्यांनी हा खेळ बाजूला ठेवला तरी हरकत नाही.

या खेळात निवड जवळजवळ नाहीच, हे लक्षात घ्या. गोष्ट ठरलेली आहे. म्हणजे 'खेळणाऱ्याला निवड दिली की लेखन श्रेष्ठ' असंही म्हणता येत नाही. निवड असो वा नसो, हात आणि अर्थ एकमेकांत गुंतले आहेत का, एवढंच आम्ही विचारतो.

आता दोन मोठे खेळ. दोन्हींत नायकाची स्मृती गेलेली आहे. यामागचं व्यवहारातलं कारण सांगायला हवं. खेळ सुरू करणाऱ्याला त्या जगाविषयी काहीच माहीत नसतं. मग नायकालाही माहीत नसलेलं लेखकाला सोयीचं पडतं. स्मृतिभ्रंश ही या माध्यमातली जुनी पळवाट आहे. सामान्य लेखक तिथून पळतो. हे दोन खेळ मात्र त्या पळवाटेलाच विषय करतात.

'प्लेनस्केप: टॉरमेंट' १९९९ साली आला. ब्लॅक आयल स्टुडिओज ही संस्था, मुख्य लेखक ख्रिस ॲव्हेलोन. एक माणूस शवागारात जागा होतो. त्याला नाव नाही. तो मरू शकत नाही. प्रत्येक मरणानंतर पुन्हा उठतो, फक्त आठवणी पुसल्या जातात. असे किती जन्म झाले त्याला ठाऊक नाही. वाटेत भेटणारी माणसं मात्र त्याला ओळखतात. कुणाला त्यानं फसवलेलं, कुणाला वचनात बांधून गुलाम केलेलं, कुणाचं प्रेम वापरून घेतलेलं.

कर्मसिद्धान्ताच्या चर्चेत दोन दोष नेहमी टाळायचे असतात. केलेल्या कर्माचं फळ न मिळता ते वाया जाणं, म्हणजे कृतहानी. आणि न केलेल्याचं फळ पदरात पडणं, म्हणजे अकृताभ्यागम. वर्गात हे शब्द कोरडे वाटतात. या खेळात ते अंगावर येतात. समोरचा माणूस म्हणतो, तू माझं आयुष्य उद्ध्वस्त केलंस. आणि खेळणारा म्हणून तुम्ही खरोखर ते केलेलं नसतं, तुम्हाला ते आठवतही नाही. मग उत्तर काय देणार? 'तो मी नव्हेच' म्हणायचं? की न आठवणारं कर्ज फेडायचं? पर्याय समोर लिहिलेले असतात आणि तुम्हाला त्यातला एक उचलावा लागतो. पुढे एक चेटकीण नायकाला विचारते की माणसाचा स्वभाव नेमकं काय बदलू शकतं. ती ठरावीक उत्तराची वाट बघत नाही, तिला त्याचं स्वतःचं उत्तर हवं असतं. इतके तास खेळून झाल्यावर तुम्ही जे निवडता ते तुमच्याविषयी काहीतरी सांगून जातं. उणिवाही सांगतो. यातल्या मारामाऱ्या कंटाळवाण्या आहेत, आणि वाचन एवढं आहे की संयम नसेल तर माणूस दुसऱ्या दिवशी सोडून देईल. २०१७ मध्ये याची सुधारित आवृत्ती निघाली, तीच घ्यावी.

'डिस्को एलिझियम' २०१९ चा. झेडए/यूएम ही संस्था, एस्टोनियातून आलेली मंडळी, प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्विट्झ. ते आधी कादंबरीकार होते; याच काल्पनिक जगावरची त्यांची एस्टोनियन कादंबरी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. इथं एक पोलीस अधिकारी रात्रभर इतका प्यायला आहे की सकाळी त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. बाहेर झाडाला एक प्रेत लटकतंय आणि त्याचा तपास याच्याकडे आहे. शहर आहे रेवाशोल: काही दशकांपूर्वी क्रांती झाली, ती चिरडली गेली, आणि आता परक्यांचं राज्य. गोदीत संप चालू आहे.

यात तलवारबंदुकीचा खेळ जवळजवळ नाही. नायकाच्या मनाच्या चोवीस शक्ती, म्हणजे तर्क, सहानुभूती, अधिकार वगैरे, त्याच्याशी बोलतात. भांडतात, खोटं बोलतात, फुशारकी मारायला लावतात. आपल्या ग्रंथांत मनाच्या वृत्तींचं वर्गीकरण भरपूर आहे. इथं त्या वृत्तींना तोंड फुटलं आहे. आणि मोठी गोष्ट म्हणजे फासा हरला तरी गोष्ट थांबत नाही. बहुतेक खेळांत हरलात की मागे जाऊन पुन्हा करा. इथं अपमान झाला तर तो अपमान घेऊनच पुढे जायचं. सोबतीला किम कित्सुरागी नावाचा शांत, सभ्य सहकारी. त्यानं एकदा नुसतं गप्प राहून पाहिलं तरी खेळणाऱ्याला लाज वाटते. पडद्यावरच्या पात्रासमोर लाज वाटावी, हे साधं यश नव्हे.

दोष? भाषा अनेकदा स्वतःवरच खूश होते. नायकाच्या आयुष्यातून निघून गेलेल्या बाईला स्वतःचा आवाज जवळजवळ मिळत नाही, ती त्याच्या विलापापुरतीच उरते. आणि खुनाचा उलगडा ज्या पात्रापाशी होतो ते फार उशिरा येतं. तरीही, विसरलो म्हणून माणूस सुटतो का, हा प्रश्न आधीच्या खेळात पुराणकथेसारखा होता, तो इथं गल्लीतल्या दारुड्याचा झाला आहे, म्हणजे आपल्या ओळखीचा झाला आहे.

आता तक्रार. 'स्पेक ऑप्स: द लाइन', २०१२ चा. वाळूच्या वादळांत गाडलं गेलेलं दुबई, अमेरिकन सैनिकांची तुकडी. युद्धखेळांतल्या रक्तपाताची लाज वाटायला लावणारा खेळ म्हणून याचं फार कौतुक झालं. एका ठिकाणी तुम्हाला पांढरा फॉस्फरस वापरावा लागतो, आणि मग कळतं की त्यात सामान्य नागरिक जळाले. पुढे खेळ पडद्यावर मजकूर टाकून तुम्हालाच दोष देतो. पण तिथं दुसरा मार्ग ठेवलेलाच नाही! कांटच्या नीतिशास्त्रातलं एक सूत्र असं की 'करायला हवं होतं' म्हणायचं तर 'करता आलं असतं' हे आधी खरं असावं लागतं. या खेळाचे समर्थक म्हणतात, दुसरा मार्ग होता की, खेळ बंद करायचा. आम्हाला हे पटत नाही. पुस्तक मिटल्यानं पुस्तकातला खून टळत नाही. लेखकानं आपल्या गुन्ह्यात वाचकाला साक्षीदार करावं, सहभागीही करावं. पण स्वतः कारस्थान रचून आरोपपत्र एकट्या वाचकावर दाखल करू नये.

याउलट 'द लास्ट ऑफ अस', २०१३ चा. शेवटी रुग्णालयात जोएल जे करतो तेही तुम्हाला टाळता येत नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या डॉक्टरला मारल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. पण हा खेळ निर्णय तुमचा होता असं भासवत नाही. निर्णय जोएलचा आहे, तुमचा फक्त हात उसना घेतलेला आहे, आणि तो हात द्यायला जड जातं. यावरची मालिका २०२३ मध्ये आली. मालिकेत हाच प्रसंग आपण बघतो, थरारतो, त्याचा न्याय करतो. खेळात न्याय करायच्या आधी बटण दाबून झालेलं असतं.

आता अभिनवगुप्ताकडे परत येऊ. 'मी केलं' हे विघ्न आहे, हे आम्हाला मान्य. उत्तम खेळ ते विघ्न टाळत नाही, आधी मुद्दाम उभं करतो. सीमेवरच्या त्या खिडकीत बसून तुम्ही त्या बाईंना परत पाठवता आणि 'हे मी केलं' असं मनाला लागतं. खेळ संपल्यावर हळूहळू कळतं की या खुर्चीत, या पगारात, घरी आजारी मूल असताना, कुणाचाही हात असाच चालला असता. तिथं 'मी' सैल होतो. दुःख माझं राहत नाही आणि त्या आर्स्टोट्झ्कामधल्या कारकुनाचंही राहत नाही. नाटकात साधारणीकरण पाहता पाहता होतं. इथं ते कृती करून झाल्यावर, उशिरा होतं. उशिरा होतं म्हणून कमी प्रतीचं असतं, असं आम्हाला वाटत नाही. ईबर्ट यांचा मुद्दा इथं थोडा बदलावा लागतो. लेखकाचं नियंत्रण या खेळांत आहेच. ते खेळणारा काय निवडतो यावर नाही, निवडीची किंमत काय पडेल यावर आहे. 'स्पेक ऑप्स' मात्र शेवटपर्यंत 'तूच केलंस' एवढंच म्हणत राहतो. तो 'मी'ला सैल होऊ देत नाही, म्हणून तिथं पश्चात्तापाची ठसठस उरते, रस उरत नाही.

ज्यांना प्रत्यक्ष खेळून बघायचे आहेत त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. सुरुवात 'पेपर्स, प्लीज'नं करा. तो मोबाइलवरही मिळतो, आणि तपासणीतली नग्न चित्रं नको असतील तर ती बंद करायची सोय आहे. मग एका संध्याकाळी 'एडिथ फिंच'. तिथवर गोडी लागली तर 'डिस्को एलिझियम', आणि वाचनाचा दम असेल तर शेवटी 'प्लेनस्केप'. यातला एकही खेळ मराठीत आलेला नाही, आणि शेवटच्या दोघांना चांगलं इंग्रजी लागतं. चौघांपैकी एकही लहान मुलांसाठी नाही.

आणि जे खेळणार नाहीत त्यांच्यासाठी: तुमच्या घरात कुणी मोठा मुलगा, मुलगी, नातू असा खेळ खेळत असेल तर शेजारी जाऊन बसा. 'जिंकलास का' असं विचारू नका. 'हे असं का केलंस' असं विचारा, आणि उत्तर ऐकायला थोडा वेळ काढून ठेवा. आम्हाला मिळालेली उत्तरं बरीच लांब होती.